डबल दिची पाटी

अनुजाचा साखरपुडा झाला ते साल दोन हजार तेवीस. वैशाख लागला होता, लालबागच्या बाजारात मिरच्यांची पोती उभी होती आणि मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज सकाळपासून चालू होता. जुनी चाळ पाडून तिच्या जागी उठलेल्या नव्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर घाडींच्या घरातलं ते पहिलंच मोठं कार्य. अनुजा ही शिवराम घाडींची नात. मुलगा अवधूत गिरगावचा. त्याच्याकडची माणसं दोन टॅक्सी करून निघाली होती आणि साडेदहाला पोचायची होती. अकरा वाजले तरी पत्ता नाही.

शिवराम घाडींना आता सगळे तात्या म्हणत. त्याआधी चाळीस वर्षं शिवा पेंटर म्हणत. पंचाहत्तरी उलटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सकाळपासून दारात उभे. शेवटी फोन वाजला.

"आजोबा," अवधूत म्हणाला, "आम्ही गेटपाशीच आहोत. पण कोणाच्या गेटपाशी ते कळत नाहीये. इथे टॉवर तीन आणि तिन्ही सारखेच."

"पाटी बघ की."

"पाटी कुठे दिसत नाही आजोबा."

दिसणार कुठून? होतीच कुठे? लोक राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी गेटवरची पाटी कोणी केली नव्हती. कागदावर बिल्डरने टॉवरला 'नवजीवन हाइट्स' असं नाव दिलेलं, पण ते त्याच्या पत्रकाबाहेर कधी पडलं नाही. अनुजा साडी सावरत खाली धावली. ती पोचेपर्यंत टॅक्सीवाल्याने कोपऱ्यावरच्या गजरेवालीला विचारलं होतं. ती म्हणाली, "नवजीवन हाइट्स? असलं काय नाय हितं. डबल दि हाय. तो काय समोर."

पाहुणे वर आले, पंख्याखाली बसले, पन्ह्याचे पेले हातात आले. अवधूतचे काका घाम पुसत म्हणाले, "घाडीसाहेब, एक विचारू? ते डबल दि म्हणजे काय हो?"

घाडींच्या बाजूची सगळी माणसं एकदम हसली. कोणी सांगायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याला थांबवून पुढचं सांगितलं, आणि हशा वाढत गेला. हसले नाहीत ते फक्त तात्या. पेले कमी पडले म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उभे राहिले.

त्यांची बायको ललिता मागून आली. "काय झाला?"

"काय नाय. चाळ पडली, पाटी भंगारात गेली, तरी ते पाठ सोडीत नाय."

"आज नातीचा साखरपुडा. थोबाड सरळ करून बाहेर या बघू."

तात्या थोबाड सरळ करून बाहेर आले. पण त्या दिवशी पेढा हातात धरून त्यांनी मनाशी ठरवलं, की मरायच्या आधी ते नाव एकदा बरोबर लिहायचं. शिवा पेंटर अडाणी होता आणि त्याने एक दि जास्त घातला, हे जे लोक सांगतात, त्यावर आपल्याच हाताने रंग फासायचा.

ती हकिगत अशी. गिरणीसंपाला दोन वर्षं झाली होती. चाळीतल्या भाडेकरूंनी एकत्र येऊन सोसायटी काढली. नोंदणीच्या कागदावर नाव आलं 'दि नवजीवन भाडेकरू सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. आधीचा तो दि कशाला, हे कोणाला माहीत नव्हतं. आसपासच्या बँका, पतपेढ्या, सोसायट्या, सगळ्यांच्या नावाआधी दि असायचा. काही लोकांना वाटे, तो श्रीसारखा असेल, देवाचं काहीतरी. ललिताचं म्हणणं, बाईच्या नावाआधी सौ. लावतात तसा सोसायटीच्या आधी दि. सेक्रेटरी होते शामराव परुळेकर. ते म्हणत, "सरकारी नाव आहे. दि पाहिजे म्हणजे पाहिजे."

पाटी रंगवायला माणूस चाळीतच होता. शिवा बारा वर्षांचा असताना देवगडकडून आला आणि परळच्या एका उस्तादाच्या दुकानात पडेल ते काम करत मोठा झाला. शिवडीच्या गोदामांत पेट्यांवर नंबर घातले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कफ परेडच्या कोळ्यांच्या होड्यांवर नावं काढली. त्याची अक्षरं अशी की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. आणि त्याला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठी देई, शिवा चिठ्ठीतली चित्रं मोठी करून पत्र्यावर उतरवी. ओळीवर कपडे वाळत घालावेत तशी आधी लांब रेघ मारायची आणि तिला एकेक अक्षर टांगायचं.

उस्तादाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली ही, की शेवटचं अक्षर आधी बसवायचं आणि उजवीकडून डावीकडे यायचं. पहिल्या अक्षराला जागा कशीही करता येते, शेवटच्याला मिळत नाही. दुसरी ही, की चिठ्ठीत आहे ते सगळं घ्यायचं, आणि गिऱ्हाईकाने तोंडी काही सांगितलं तर ते वरून घ्यायचं. का म्हणून विचारायचं नाही. वाचता न येणाऱ्या पेंटरने प्रश्न विचारला की गिऱ्हाईकाला कळतं, आणि कळलं की काम जातं.

शामरावांच्या घरून चिठ्ठी आली. शिवाने रंग कालवला. दुपारी जिन्यात शामराव भेटले. म्हणाले, "शिवा, नावाच्या आधी दि घाल. विसरलास तर बघ." आणि भिंतीवर बोटाने दि काढून दाखवला.

शिवाने तो आकार डोक्यात ठेवला. चिठ्ठीतलं सगळं रंगवून झाल्यावर त्याने बघितलं, तर चिठ्ठीत सुरुवातीला तसलाच एक आकार आधीच होता. क्षणभर तो थबकला. पण एका देवळाच्या पाटीवर त्याने एकदा श्रीच्या पुढे श्री काढला होता, आणि तो बरोबर निघाला होता. मोठ्या नावाला दोनदा लागत असेल. त्याने डावीकडे आणखी एक दि टांगला.

दसऱ्याला पाटी दारावर चढली. पाहुणे म्हणून बोलावलेल्या मास्तरांनी पडदा ओढला आणि मोठ्याने वाचायला घेतलं, "दि... दि नवजीवन..." पहिल्यांदा लोकांना वाटलं मास्तर अडखळले. मग सगळ्यांनी वर बघितलं. पोरं आधी हसली, मग बायका, मग सगळी चाळ. शामरावांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "अंगठाछाप माणसाच्या हातात काम दिलं की दुसरं काय होणार."

शिवा ब्रश हातात घेऊन तिथेच उभा होता. तोवर चाळीत कोणाला माहीत नव्हतं की त्याला वाचता येत नाही. त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत झालं.

पाटी दुरुस्त करायची ठरली, पण ती पुढच्या दसऱ्याला. पुढच्या दसऱ्यापर्यंत पोस्टमन, दूधवाला, टॅक्सीवाले सगळेच डबल दि म्हणायला लागले होते. शिवाने तीनदा शिडी लावली आणि तिन्ही वेळा कोणी ना कोणी खालून म्हणालं, "राहू दे रे, पाहुणे सापडतात त्याने." चौतीस वर्षं तो त्या पाटीखालून जात-येत राहिला. वर बघायचा नाही.

एक गोष्ट मात्र त्यातून चांगली झाली. त्या दसऱ्यानंतर शामरावांची बायको रमाबाई आपल्या राजेशला, तो तेव्हा सहा वर्षांचा, बाराखडी शिकवत होती. दुपारी ती गॅलरीत चटई टाकून बसे आणि मोठमोठ्याने म्हणून घेई. शिवा पलीकडच्या टोकाला रंग कालवत बसलेला असे. अक्षरांचे आकार त्याच्या हाताला ठाऊकच होते, त्यांना आवाज तेवढे जोडायचे राहिले होते. राजेश कच्चा होता, त्याला एकेक अक्षर दहादा सांगावं लागे. शिवाला दोनदा पुरे. संक्रांत आली तेव्हा तो दुकानांच्या पाट्या वाचत परळपासून लालबागपर्यंत चालत आला, आणि घरी येऊन ललिताला म्हणाला, "तो चिवडेवाला आहे ना, त्याचं नाव मीच रंगवलं. आज कळलं काय रंगवलं ते."

ते चोरून शिकणं ही तात्यांच्या आयुष्यातली मानाची जागा होती. रमाबाईंना पत्ता न लागू देता शिकलो, असं ते नातीला नेहमी सांगत.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली. सेक्रेटरी आता राजेश परुळेकर होता. वडिलांसारखाच कामाचा, पण आवाज खालचा. त्याने गेटसाठी एका कंपनीकडून चकचकीत स्टीलच्या अक्षरांचं डिझाइन करून आणलं होतं. त्याचा कागद हातोहात फिरला आणि तात्यांपर्यंत आला. इंग्रजीत होता.

"काय लिहिलंय गो?" त्यांनी अनुजाला विचारलं.

अनुजाने वाचलं, मग परत वाचलं, आणि तोंडावर हात ठेवला. "द दि नवजीवन."

"म्हणजे?"

"राजेशकाका, हे काय आहे?" अनुजा म्हणाली. "द कशाला? आपला दि म्हणजेच इंग्रजीतला तो द. आपल्या नावात तो आधीपासून आहे."

राजेशने कागद परत घेतला. "मराठी नाव दि नवजीवन. त्यांनी ते इंग्रजीत उतरवलं. इंग्रजीत नावाआधी द लावतात म्हणून लावला असेल."

"आणि तू बघितलंस?"

"मी मंजूर केलं," राजेश खालच्या आवाजात म्हणाला.

पार्किंगमध्ये कुजबुज सुरू झाली. तात्या खुर्चीच्या पाठीला धरून उठले. "मी अंगठाछाप होतो म्हणून एक जास्त घातला. तुझा कॉम्प्युटर शिकलेला ना रे राजेश?"

सगळी सभा हसली, राजेशसुद्धा. हसू ओसरायच्या आत तात्यांनी पुढचं बोलून टाकलं. "पाटी मी रंगवतो. पत्र्यावर, हाताने. एकच दि घालतो. आहे तसं नाव, नोंदणीतलं."

"तात्या, आता हाताने कोण रंगवतं? आणि तुमचा हात..." राजेश थांबला. तात्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो हे सगळ्यांना माहीत होतं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत.

मागच्या खुर्चीवरून रमाबाई म्हणाल्या, "रंगवू दे की त्यांना. वर्षभर पाटीशिवाय काढलंत, आणखी चार दिवसांनी काय होणार आहे?"

आईपुढे राजेशचं काही चालत नसे. एक महिन्याची मुदत ठरली. महिन्यात झाली तर हाताची, नाहीतर स्टीलची.

तात्यांनी सात फुटी पत्रा कापून आणला, पार्किंगच्या एका खांबाला टेकवून ठेवला, घासला, अस्तर मारलं, वर निळा रंग दिला. सुतळीला खडूची पूड लावून टणकन रेघ उमटवली. मग ब्रश उचलला आणि हात असा नाचला की निळ्या रंगावर पांढरी गोगलगाय चालून गेल्यासारखं झालं. पुसलं. पुन्हा तेच.

ललिता डबा घेऊन खाली आली होती. "हात थरथरता तुमचो. सोडा तो नाद. स्टीलची लागली तर काय आभाळ कोसळणार नाय."

"कोसळायचं ते चौऱ्याऐंशी साली कोसळून झालंय," तात्या म्हणाले. "फडकं दे."

चार दिवसांत त्यांनी हाताची तऱ्हा ओळखली. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, तासभर हात बऱ्यापैकी स्थिर असे. काठीचा टेकू घ्यायचा, डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं, श्वास रोखायचा आणि एका दमात एक फराटा ओढायचा. दिवसाला दोन अक्षरं. कधी एकच. उस्तादाच्या शिकवणीप्रमाणे उजवीकडून सुरुवात. मर्यादितचा त आधी, मग दि, मग र्या, मग म. आता त्यांना वाचता येत होतं, तरी हात उलटाच चाले.

सकाळी कामावर निघालेली माणसं थांबू लागली. लिफ्टमध्ये वर्षभर एकमेकांकडे न बघणारे लोक पाटीपाशी दोन मिनिटं बोलू लागले. कोणी विचारी, "आज कुठवर?" तात्या म्हणत, "गृहनिर्माणमध्ये शिरलोय." कोणी म्हणे, "भाडेकरू आला की सांगा." नवीन विकत घेतलेल्या मजल्यांवरची नूपुर नावाची एक मुलगी रोज मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकी, आणि त्याखाली लोक उद्याचं अक्षर कोणतं त्याचा अंदाज लिहीत, जसं काही ते कोणाला ठाऊक नव्हतं.

चोविसाव्या दिवशी 'नवजीवन' झालं. पंचविसाव्या दिवशी तात्यांनी त्याच्या डावीकडे दि काढला. एकच. मागे सरकून बघितलं. अक्षरं चांगली झाली होती. वेलांटी थोडी कापली होती, पण लांबून कळत नव्हतं. चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं व्हायला हवं होतं. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की पाटीच्या डाव्या टोकाला जागा उरली आहे. बरोबर एका दिएवढी.

पत्रा किती फुटांचा घ्यायचा हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, मापही काढलं नव्हतं. हाताला जुनी पाटी आठवत होती, तेवढाच कापला.

दुपारपर्यंत सगळ्यांनी ती जागा बघितली.

"तात्या, तिथे काय येणार? लोगो?" नूपुरने विचारलं.

"काही नाही."

"मग रिकामं दिसतंय."

पाचव्या मजल्यावरचा हितेंद्र म्हणाला, "तात्या, घाला की दुसरा दि. जागा हाक मारतेय. एक दि बघून आपलं घर वाटतच नाही."

"तुला काय होतंय घाला म्हणायला," तात्या तुटकपणे म्हणाले. "अंगठाछाप तुला नाही म्हणाले कोणी."

हितेंद्र निघून गेला. तात्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी हाक मारली नाही. डबा बंद करून ते ब्रश धुवत बसले.

संध्याकाळी चारच्या सुमाराला रमाबाई लिफ्टने खाली आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने खूण करून वॉचमनकडून खुर्ची मागवून घेतली आणि पाटीसमोर बसल्या. सत्तरीच्या बाई, गुडघे गेलेले, पण नजर अजून सुई ओवणारी.

"छान झालंय भावोजी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही पण जागेचं बोलायला आलात तर नको."

"जागेचंच बोलायला आलेय. पण हितेंद्रसारखं नाही." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तुम्हाला चिठ्ठी आली होती ना, तेव्हा? आमच्या घरून?"

"आली होती."

"ती ह्यांनी लिहिली होती. घाईत लिहिली, आणि दि लिहायचा विसरले. मी नीट घडी घालायला उघडली तर दि नाही. म्हटलं, एवढं सरकारी नाव, सरकारी नाव करून घर डोक्यावर घेतलंय, आणि स्वतःच विसरले. हे ऑफिसला गेले होते. मग मीच पेनने पुढे दि काढला आणि चिठ्ठी तुमच्याकडे पाठवली."

तात्या ब्रश धुवायचे थांबले.

"ऑफिसात ह्यांना आठवलं, की दि राहिला. घरी येता येता जिन्यात तुम्ही भेटलात. ह्यांनी तोंडी सांगितलं. मी घातलाय हे ह्यांना माहीत नाही, ह्यांनी सांगितलंय हे मला माहीत नाही. तुम्ही दोघांचं ऐकलंत."

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याला सगळे हसले तेव्हा मला कळलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर हे तो शब्द बोलून गेले होते." रमाबाई पाटीकडे बघत राहिल्या. "चारचौघांत बोलले असते तर ह्यांची चूक चव्हाट्यावर आली असती, आणि घरी माझी धडगत नव्हती. तेव्हाचे शामराव तुम्हाला माहीत आहेत. गप्प बसले. मग एक दिवस गेला, दोन गेले, आणि बोलायचं राहूनच गेलं. ते गेले दोन हजार नऊ साली. त्यानंतर तरी सांगायचं, तर तोवर सगळे हसून गोड बोलायला लागले होते. म्हटलं, तुम्हीही विसरला असाल. परवा साखरपुड्यात तुम्ही आत निघून गेलात तेव्हा कळलं, की नाही विसरलात."

तात्यांच्या हातातल्या ब्रशातून पांढरं पाणी टपकत होतं. त्यांनी विचारलं, "मग ती बाराखडी? गॅलरीतली?"

"राजेशला घरात बसवलं असतं तरी आला असता क ख ग," रमाबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्याने ओरडायला तो काय बहिरा होता?"

"दहादा सांगायचात त्याला."

"राजेशला पहिल्यांदाच यायचं. पण तुमचा ब्रश थांबला की मी परत सांगायची."

तात्या खाली फरशीवर बसले. त्यांच्या खांद्यांना हलकेच झटके बसू लागले. रमाबाई घाबरल्या. पण तात्या हसत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रंगाच्या फडक्यानेच पुसलं आणि गालावर पांढरा पट्टा उमटला.

"आणि मी नातीला सांगतो, चोरून शिकलो म्हणून."

"सांगा की. मी कुठे खोडायला येणार आहे?"

"म्हणजे वहिनी," तात्या म्हणाले, "चिठ्ठीत एक होता, तो मी घातला. तोंडी एक सांगितला, तो मी घातला. मी रंगवलं ते बरोबर रंगवलं."

"पै न् पै बरोबर," रमाबाई म्हणाल्या. "चूक शिकलेल्यांची होती."

त्या रात्री घरात ललिताने दोनदा विचारलं, काय झाला म्हणून. तात्यांनी सगळं सांगितलं. ऐकून ललिता म्हणाली, "चाळीस वर्षं फुकट तोंड पाडून हिंडलात." मग थोड्या वेळाने, भाकरी थापता थापता, "पण वाचायला शिकलात ता बरा झाला. नायतर माझी गावची पत्रां कोण वाचणार होता?" अनुजा कॉटवर बसून ऐकत होती. तात्यांनी तिला विचारलं, "तो दि म्हणजे इंग्रजीत नेमकं काय गो?"

"काही खास नाही आजोबा. म्हणजे, कुठलीतरी नव्हे, ठरावीक. आपल्याला माहीत असलेली. तीच ती."

"तीच ती नवजीवन."

"हो."

तात्यांनी ते तोंडात घोळवलं. मग म्हणाले, "लालबागला एकदा सांगून पुरत नाय. इथे आवाज फार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ते परुळेकरांच्या दारात उभे राहिले. राजेशने दार उघडलं. त्याला आईने रात्री सगळं सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो वाकायला गेला, तात्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "तुझं काय त्यात? तू तेव्हा क गिरवत होतास. आईला खाली आण."

रमाबाई खाली आल्या. तात्यांनी रिकाम्या जागेत खडूने दिचा आकार पुसटसा काढून ठेवला होता. ब्रश रंगात बुडवून, कडेला निथळून, त्यांनी तो रमाबाईंपुढे धरला.

"हे काय?"

"आतला दि तुमचा होता, तो मी घातला. हा शामरावांचा. ते नाहीत, तर त्यांच्या वतीने तुम्ही घाला. सही समजा."

"भावोजी, मला कुठे येतंय? वेडंवाकडं होईल."

"मला कुठे येत होतं वाचायला?"

राजेश मध्ये पडला. "तात्या, रजिस्टरला नाव एकाच दिने आहे. उद्या कोणी विचारलं तर?"

"रजिस्टर कपाटात राहील. पाटी बाहेर लागेल. ज्याला एक पाहिजे त्याने कपाट उघडून बघावं."

रमाबाईंनी ब्रश धरला. त्यांचा हात हलत होता, आणि तो सावरायला तात्यांचा हात पुढे झाला तर तोही हलत होता. दोन थरथरत्या हातांनी ती वेलांटी जी वर गेली ती रेघ सोडून निळ्यात घुसली आणि मोठा वळसा घेऊन परत आली. तोवर जमलेली माणसं श्वास रोखून बघत होती. रमाबाई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता पुसा."

"पुसायचं नाही," तात्या म्हणाले. पाटीच्या पुढे उभं राहून त्यांनी आधी उजवीकडून डावीकडे आणि मग डावीकडून उजवीकडे सगळं वाचलं. तोवर हितेंद्र कामावर जायला खाली आला होता. तात्यांनी त्याला हाक मारली. "अरे ए, बघ. हाक मारत होती ना जागा? दिली ओ."

मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा पाटी गेटवर चढली. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झाल्यावर अनुजाचं लग्न झालं. पत्रिकेवर पत्त्याच्या ओळीत अनुजाने स्वतः 'दि दि नवजीवन' छापून घेतलं, आणि छापखान्यातल्या माणसाने दोनदा फोन करून विचारलं, की एक दि चुकून जास्त पडलाय का. दोन्ही वेळा फोन तात्यांनी घेतला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "चिठ्ठीत आहे ते सगळं घे बाबा. का म्हणून विचारू नको." गिरगावची मंडळी लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा टॅक्सी सरळ गेटपाशी थांबली. अवधूतचे काका पाटीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "घाडीसाहेब, दोघांतला हा पहिला कोणाच्या हातचा हो? थोडा तिरपा वाटतो."

"तो जुन्या सेक्रेटरींचा," तात्या म्हणाले.

सोसायटीच्या खालच्या फळ्यावर काही लिहायचं झालं तर ते आता तात्याच लिहितात. पाणी कधी येणार नाही, लिफ्ट कधी बंद, गणपतीची सभा कधी. माघ महिन्यात त्यांनी त्याच फळ्यावर सकाळी, चहाच्या आधी, खडूने लिहिलं. उजवीकडून सुरुवात केली नाही, सरळ डावीकडून लिहिलं, एकेक अक्षर वाचत.

रमाबाई शामराव परुळेकर, वय सत्तर, नववा मजला, यांचे मंगळवार दिनांक वीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी पहाटे राहत्या घरी निधन झाले.